धूर की धग? लाकूड, कोळसा आणि कोकणची चूल

१/
गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मक्याची कणसे भाजली जातात, त्या शेगडीत लाकडी कोळसा असतो. तिथून वाडीत आत शिरले की मागीलदारी पाणी तापवायच्या चुलीत झावळ, सोडणे आणि आंब्याच्या वाळक्या फांद्या जळताना दिसतात. गाव एक, इंधने दोन. ही विभागणी कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
मांसाला धुरी देणाऱ्यांमध्ये जगभर एक जुना वाद आहे: लाकूड चांगले की कोळसा? वाद चवीचा वाटतो. कोकणच्या इतिहासात मात्र त्याचे उत्तर तीन गोष्टींनी ठरवले. जंगल आणि चूल यांच्यातील अंतर, झाडावर हक्क कोणाचा हे सांगणारा कायदा, आणि भट्टीवर राबणारे हात. जिभेचा क्रमांक या तिन्हींच्या नंतर लागतो.

३/
आधी थोडे शास्त्र. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी निघून जाते. पुढे साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर लाकडाचे घटक फुटू लागतात आणि त्यांतून वायू, आम्ले, डांबरी द्रव्ये बाहेर पडतात. हाच धूर. त्यातील फिनॉल वर्गाची द्रव्ये चरबीला खवट होऊ देत नाहीत. आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड जंतूंची वाढ रोखतात. धुरीच्या मांसाचा ओळखीचा वास मुख्यतः लाकडातील लिग्निनपासून तयार होणाऱ्या ग्वायाकोलसारख्या द्रव्यांचा असतो.

४/
कोळसा म्हणजे धूर आधीच काढून घेतलेले लाकूड. हवा अडवून लाकूड तापवले, की वरील सगळी द्रव्ये उडून जातात आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. तो पेटवला की ज्वाला कमी, धूर जवळजवळ नाही, पण धग प्रखर आणि एकसारखी. म्हणूनच शेगडी दारात ठेवता येते. मात्र ‘धूर नाही’ म्हणजे धोका नाही, असे समजू नये. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

५/
यातून एक साधी वाटणी होते. मांस किंवा मासळी टिकवायची असेल तर लाकूड हवे, कारण टिकवण्याचे काम धूर करतो. मांस भाजायचे असेल तर कोळसा सोयीचा, कारण तिथे काम धगीचे असते. अमेरिकेतील बार्बेक्यूवाले ओक किंवा हिकरीचे लाकूड तासन्‌तास जाळतात आणि मुंबईतला कबाबवाला सळईखाली निखारे पसरतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

६/
आता कोकणाकडे. जून ते सप्टेंबर हा इथला कसोटीचा काळ. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाजार दूर. त्यामुळे मे महिना हा बेगमीचा महिना. सुकट, जवळा, बोंबील, सोडे, खारा बांगडा हे सगळे पावसाच्या आत वाळून डब्यांत आणि मडक्यांत गेले पाहिजे. नारळी पौर्णिमेपर्यंत घराचे मासे म्हणजे हेच.

७/
इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोकण किनाऱ्याने मासळी टिकवण्यासाठी मुख्यतः ऊन आणि मीठ वापरले. धुराचा आधार फारसा घेतला नाही. कारण हिशेबाचे आहे. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने ऊन फुकट मिळते, मीठ किनाऱ्यावरच्या मिठागरांत पिकते. सरपण मात्र तोडावे, फोडावे आणि वाहून आणावे लागते. जे काम ऊन करते, त्यासाठी लाकूड कोण जाळणार?

८/
ऊन पुरेसे नसते, किंवा मासा फार जाड आणि तेलकट असतो, तिथे धूर पुढे येतो. मालदीवमधील टुना मासा याचे जुने उदाहरण. इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोहोचला. तिथले लोक मासा कापून थोडा शिजवतात, मग झावळ्यांच्या टोपल्यांत ठेवून त्याला धुरी देतात आणि वाळवतात, असे त्याने नोंदवले आहे. हा माल दूरदूरच्या बंदरांत जाई. लक्षद्वीपमध्ये आजही अशाच रीतीने ‘मास’ तयार होतो आणि धुरासाठी नारळाची सोडणे वापरली जातात.

९/
सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कोडगूच्या डोंगरात, पाऊस कोकणाइतकाच दांडगा. तिथे मांसाच्या पट्ट्या मीठ-हळद लावून चुलीवर टांगण्याची रीत आहे. नागालँडमध्ये डुकराचे मांस चुलीवरच्या फळीवर आठवडेच्या आठवडे राहते. या सर्व ठिकाणी वेगळी ‘धुरीची भट्टी’ नसते. रोजच्या स्वयंपाकाचा धूर हाच धुरीचा धूर. म्हणजे इंधनाचा वेगळा खर्च शून्य.

१०/
कोकणपट्टीत याचे सर्वांत चांगले उदाहरण गोव्यात सापडते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर ‘शोरिसू’ हा सॉसेजचा प्रकार आला. पोर्तुगालमध्ये हवा गोव्यापेक्षा थंड. तिथे मांस मीठ, लसूण आणि धुरावर टिके. गोव्याच्या दमट हवेत तेवढ्याने भागेना. मग त्यात माडाच्या ताडीचा शिरका आला आणि अमेरिकेतून आलेली लाल मिरची भरभरून पडली.

११/
गोव्याच्या चोरिसांची जुनी घरगुती रीत अशी: डुकराचे मांस बारीक तुकड्यांत कापायचे, मीठ लावून दडपणाखाली ठेवून पाणी काढायचे, मिरची-मसाला आणि शिरक्यात मुरवायचे, आतड्यात भरून माळा बांधायच्या. मग दिवसा ऊन आणि रात्री चुलीवरचा धूर. पावसाळ्याच्या या साठ्याला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’चे हे कोकणी रूप. बेगमी आणि पुरुमेंत ही एकाच पावसाला दिलेली दोन भाषांतली उत्तरे आहेत.

१२/
या माळा कोळशाच्या शेगडीवर टांगल्या असत्या तर? वरून सुकल्या असत्या, चरबी वितळून गळाली असती, आणि आत धुराचा अंशही गेला नसता. मंद, ओलसर, धुरकट चूल हा स्वयंपाकात दोष मानला जातो. मांस टिकवताना तोच गुण ठरतो. नारळाची सोडणे अशा कामासाठी उत्तम, कारण ती भडकत नाहीत, धुमसत राहतात.

१३/
रत्नागिरीच्या जुन्या घरातही चुलीचा धूर वाया जात नसे. चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची कणसे, माळ्यावरची धान्याची साठवण, छपराचे वासे आणि त्यांवरचे गवत या सगळ्यांना रोज धुरी मिळे. त्यामुळे कीड दूर राही आणि पावसाळ्यातला ओलावा कमी होई. काजळलेले आढे ही त्या काळी अस्वच्छतेची खूण नव्हती. छप्पर राखल्याची ती खूण होती.

१४/
अर्थात या धुराची एक बाजू काळी आहे, आणि ती झाकू नये. फुंकणी हातात घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत हाच धूर जाई. जे द्रव्य मांसातले जंतू मारते, ते माणसाच्या श्वासनलिकेला कसे सोडील? छपराला मिळालेले आयुष्य कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होत होते.

१५/
मग कोकणात कोळसा लागे कोणाला? मुख्यतः कारागिरांना. लोहाराच्या भात्याला कोळसाच हवा, कारण उघड्या लाकडाच्या आगीत लोखंड कामापुरते तापत नाही. सोनाराची बागेसरी, परटाची इस्त्री, देवघरातले धुपाटणे यांना निखारा लागतो. तोफांच्या काळ्या दारूतही साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. जयगडसारख्या किल्ल्यांच्या दारूकोठारात जंगलाचा तेवढा वाटा होताच.

१६/
‘कोळसा’ या शब्दाकडेही पाहा. आज ‘लाकडी कोळसा’ असे वेगळे सांगावे लागते, कारण नुसते ‘कोळसा’ म्हटले की खाणीतला दगडी कोळसा डोळ्यांपुढे येतो. आगगाडी आणि आगबोट येण्यापूर्वी हा गोंधळच नव्हता. कोळसा म्हणजे झाडाचाच. भाषेत विशेषण शिरले, ते यंत्रयुगाबरोबर.

१७/
आता या थ्रेडचा मुख्य हिशेब. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते, एक किलो कोळशात साधारण ३०. पण मातीच्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा मिळवायला पाच-सहा किलो लाकूड लागते. म्हणजे सहा किलो लाकडातील ९० मेगाज्यूलपैकी हाती उरतात ३०. दोन तृतीयांश उष्णता रानातच उडून जाते.

१८/
मग एवढा तोटा सोसून कोळसा करतो कोण? ज्याला तो डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून लांब न्यायचा आहे, तो. पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा वजनाची असते. तेवढ्याच वजनात कोळसा लाकडाच्या दुप्पट उष्णता नेतो. डोंगरातून घाट उतरायचा असेल, रस्ता नसेल, तर रानात लाकूड जाळून हलके करणे हाच शहाणपणा. कोळसा म्हणजे वाहतुकीसाठी हलके केलेले जंगल.

१९/
बोटीचे गणित वेगळे आहे. मचव्यात किंवा पडावात वजनाइतकाच जागेचा प्रश्न असतो. एक घनमीटर जागेत रचलेले लाकूड साधारण ४०० ते ५०० किलो मावते, कोळसा २०० ते २५० किलो. उष्णता मोजली तर दोन्हींची जवळजवळ बरोबरी होते. मग भट्टीचे श्रम आणि तोटा कशासाठी? शिवाय हेलकाव्यांनी कोळशाचा चुरा होतो आणि खाऱ्या पाण्याने तो भिजतो. समुद्रमार्गे सरपणच परवडते.

२०/
गणपतीपुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडचे बंदर आहे. ब्रिटिश काळातील गॅझेटियर या बंदराच्या निर्यातीत सरपणाचा ठळक उल्लेख करतात. खाडीच्या दोन्ही काठांचे रान तोडून होड्यांनी धक्क्यावर यायचे आणि तिथून गलबतांनी मुंबईकडे जायचे. वाढत्या मुंबईच्या लाखो चुलींना लागणारे लाकूड असे किनाऱ्याकिनाऱ्याने येत होते.

२१/
हे रान तोडण्याचा हक्क कोणाचा? मराठेशाहीत जहाजबांधणीचे सागवान राखण्याकडे कटाक्ष होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड आणताना आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारण तिथे दिले आहे. जीर्ण झाड तोडायचे तरी धन्याला राजी करून, मोबदला देऊन.

२२/
१८१८ नंतर चित्र बदलले. १८२० च्या दशकात रत्नागिरीत इंग्रज सरकारने खाजगी जमिनीवरील झाडांचे हक्क लोकांकडे सोडले. झाड आपले झाले की लोक ते जपतील, अशी अपेक्षा होती. पण त्याच वेळी मुंबईची बाजारपेठ उघडली होती आणि शेतसारा रोखीत भरायचा होता. सागापासून सरपणापर्यंत सगळे विकले जाऊ लागले. मालकी मिळाली, पण जपण्याइतकी उसंत मिळाली नाही.

२३/
याचा परिणाम लवकर दिसला. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४६ च्या सुमारास दक्षिण कोकणातील जंगलतोड, आटणारे झरे आणि गाळाने भरणाऱ्या खाड्या यांचा संबंध सरकारपुढे मांडला. १८४७ मध्ये त्यांना मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमण्यात आले. भारतातील सरकारी वनखात्याच्या आरंभीच्या पावलांपैकी हे एक. त्याच्या कारणांत कोकणातल्या या तोडीचाही वाटा आहे.

२४/
पुढे १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठी राने ‘राखीव’ झाली. भातरोपांसाठी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, ऐन-किंजळाचे टहाळ तोडण्यावर बंधने आली. लोकांचा असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. रत्नागिरीत मात्र राने बहुतांशी मालकीचीच राहिली. शेजारच्या जिल्ह्यांत सरपणाची वाट वेगवेगळी झाली, ती अशी.

२५/
या बदलाचा सर्वांत मोठा फटका कातकऱ्यांना बसला. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काथ काढणे हा त्यांचा जुना धंदा. त्यांचे नावच या काथावरून पडले असे मानले जाते. खैर सरकारी झाला, तोडणे गुन्हा ठरले आणि काथाची भट्टी विझली. ज्या हातांना लाकूड, आग आणि हवा यांचे नेमके भान होते, ते हात मग ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेले. जंगलाचे ज्ञान तेच राहिले, मालक बदलला.

२६/
भट्टी लावणे हे कौशल्याचे काम आहे. लाकडाचे सारखे तुकडे करून गोल ढीग रचायचा, त्यावर पालापाचोळा आणि ओली माती थापायची, हवेसाठी मोजकी भोके ठेवायची. आत आग दिली की काही दिवस, कधी आठवडाभर, पहारा. धूर पांढरा आहे तोवर लाकडातले पाणी निघते आहे. तो निळसर, विरळ झाला की कोळसा होत आला. भोक एक जास्त उघडे राहिले तर सगळ्याची राख, वेळेआधी बंद झाले तर लाकूड कच्चे.

२७/
म्हणून भट्टीवाला रात्री झोपत नाही. ढीग कुठे खचला तर त्यावर चढून माती टाकावी लागते आणि आत धगधगते निखारे असतात. कुटुंबच्या कुटुंब दिवाळीनंतर घर सोडते, पाऊस येईतो भट्टीच्या कडेला पालात राहते. मुलांची शाळा त्या महिन्यांपुरती संपते. कोळशाच्या पोत्याच्या भावात या कशाचीही नोंद नसते.

२८/
हे बांधले जाणे उचलीतून होते. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम आगाऊ पैसे देतो. हंगामात ते कामातून फेडायचे. हिशेब त्याच्या वहीत. हंगाम संपला तरी उचल उरते आणि पुढच्या वर्षाला जोडली जाते. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक म्हणून नोंदलेली आहे. कायदा आहे, नोंद आहे, पण उचल संपलेली नाही.

२९/
विसाव्या शतकात कोळशाला अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशभर अनेक मोटारी आणि बस कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. गाडीच्या मागे उंच नळकांडे बसवायचे, त्यात कमी हवेत कोळसा जाळायचा आणि निघणारा वायू इंजिनाला द्यायचा. चढ लागला की प्रवाशांनी उतरावे, असे ते दिवस. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, त्याच्या जरा आधीची ही गोष्ट.

३०/
पुढे शहरांत रॉकेल आले, मग गॅस. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यांतही पोहोचले. चुलीपुढचा खोकला कमी होण्याची शक्यता प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. पण स्वयंपाकघरातून धूर गेला, तशी त्याची आठवण आली. मग पातेल्यात वाटी ठेवून तीत पेटता निखारा ठेवायचा, वर तुपाची धार सोडायची आणि झाकण लावायचे. हा धुंगार.

३१/
धुंगार ही गमतीची गोष्ट आहे. कोळशात धूर नसतो, म्हणून त्यावर तूप टाकून तो तयार करावा लागतो. पण हा धूर चरबीचा, लाकडाचा नव्हे. तो वास देतो, टिकाऊपणा देत नाही. कबाबाची चवही अशीच निखाऱ्यावर गळणाऱ्या चरबीतून येते. धुरीचे मांस आणि निखाऱ्यावरचे मांस यांच्या वासात जाणकारांना जो फरक कळतो, त्याचे मूळ इथे आहे.

३२/
आरोग्याच्या तागडीत दोन्हींची बाजू नाजूक आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. खारवलेले आणि धुरी दिलेले मांसही त्यात येते. निखाऱ्यावर चरबी गळून उठणाऱ्या धुरातही घातक द्रव्ये असतात. पूर्वी हे मांस बेगमीचे, थोडे आणि मोसमी असे. आज ते रोज पानात येऊ शकते. धोका वाढतो तो प्रमाणाने.

३३/
९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या व तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. इराणी बेकऱ्यांचा ब्रून पाव लाकडाच्या भट्टीशिवाय तसाच लागेल का, अशी चर्चा झाली. चवीची चिंता खोटी नाही. पण त्या चर्चेत ते लाकूड आणि तो कोळसा कुठून, कोणाच्या हातून येत होता, हा प्रश्न क्वचितच निघाला.

३४/
आता पुन्हा जयगडकडे पाहा. एके काळी जिथून सरपण मुंबईला जाई, तिथे आज १२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि त्यासाठी दगडी कोळसा समुद्रमार्गे येतो. शंभर-सव्वाशे वर्षांत बंदरातून जाणाऱ्या इंधनाची दिशा उलटली. समुद्र मात्र अजूनही जड इंधन नेण्याचा स्वस्त मार्ग आहे. मचव्यासाठी खरा असलेला नियम महाकाय जहाजालाही लागू पडतो.

३५/
तर, मांसाला धुरी द्यायची असेल तर लाकूड की कोळसा? उत्तर सरळ आहे. टिकवायला लाकूड, भाजायला कोळसा, आणि लाकूड घ्यायचे तर आपल्याच आवारातले वाळके. कोकणातल्या मागीलदारची सोडणे, करवंट्या आणि छाटणीच्या फांद्या हे काम शतकानुशतके करीत आली आहेत. त्यासाठी कोणाचे रान तुटत नाही आणि कोणी रात्रभर भट्टीवर जागत नाही.

३६/
कोळशाची शेगडी पेटवताना धूर दिसत नाही, कारण तो आधीच कुठेतरी डोंगरात निघून गेलेला असतो. तो कोणीतरी श्वासात घेतलेला असतो. कोळशाचा इतिहास वाचायचा तर त्या डोंगरातल्या धुरापासून सुरुवात करावी लागते. पुढच्या वेळी पोते घेताना, ते कुठल्या भट्टीवरचे, एवढे तरी विचारून पाहावे.

(समाप्त)

#कोकण #रत्नागिरी #इतिहास #मराठी